बर्मिंगहॅमची थ्री-नॉट-थ्री

ब्रॅकनेल
३ मार्च १९९१

आदरणीय बाबा,

जय भीम. फोनवर तुम्हाला माझं ऐकू येत नाही, आणि आई रिसीव्हर हातात घेऊन माझं अर्धंच तुम्हाला सांगतात, म्हणून लिहिते. हॅरोला शनिवारच्या मराठी वर्गात शिकले तेवढंच मला येतं. चुका सांभाळून घ्या.

उदयला जाऊन वर्ष होत आलं. आता कुठे लॉफ्ट आवरायला घेतला आणि एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली हे लक्षात आलं. उदय आमच्या कंपनीच्या रायफल क्लबमध्ये जायचा हे तुम्हाला माहीत आहे. जायच्या आधी दोन महिने त्याने एका म्हाताऱ्या मेंबरकडून एक जुना रायफल घेतला होता. पूर्ण सुटा, लाकडी खोक्यात भरलेला. तो उदयच्या सर्टिफिकेटवर, म्हणजे बंदुकीच्या परवान्यावर, होता. माझ्याकडे सर्टिफिकेट नाही, म्हणून उदयनंतर पोलिसांच्या सांगण्यावरून तो तुमच्या बर्मिंगहॅमलाच गन क्वार्टरमध्ये मिस्टर प्रीस नावाच्या डीलरकडे ठेवला.

आता प्रीस विचारतात, ह्याचं काय करायचं? त्यांचं म्हणणं हा ‘बिट्सा’ आहे. म्हणजे एक पार्ट ह्याचा, एक त्याचा, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. भोकं पाडून निकामी करा आणि भिंतीवर लावा, नाहीतर स्क्रॅप करा, असं म्हणतात.

उदय म्हणायचा, “बाबांना दाखवू. आर्मीत आर्मरर होते, असले किती दुरुस्त केले असतील!” ते राहूनच गेलं. तुम्ही एकदा बघून येता का? नको वाटलं तर नको.

आईंना जय भीम.

तुमची सून,
मीनल


बर्मिंगहॅम
९ मार्च १९९१

प्रिय मीनल,

जय भीम. पत्र मिळालं. अक्षर चांगलं आहे.

पहिली गोष्ट, रायफल ‘ती’ असते. ती रायफल, जुनी रायफल, सुटी रायफल. जबलपूरला आमचे उस्ताद असल्या चुकीला मैदानाची फेरी मारायला लावत.

दुसरी गोष्ट. मी सैन्य सोडून इथे आलो त्याला तेहतीस वर्षं झाली. त्यानंतर लेथवर काम केलं, मिलिंगवर केलं, बंदुकीला हात लावला नाही. लावायची इच्छाही नाही. उदयने मला न विचारता ती घेतली. तो असता तर त्याचं त्याने पाहिलं असतं. प्रीसला सांग, स्क्रॅप कर. तू एकटी राहतेस, असली वस्तू तुझ्या घरात कशाला?

प्रकृती सांभाळ. जेवत जा.

सुखदेव

ता.क. पत्र टाकायचं राहिलं होतं. गुरुवारी सिटी सेंटरला गेलोच होतो म्हणून प्रीसच्या दुकानात डोकावलो. खोकं पाहिलं. स्क्रॅपचं इतक्यात सांगू नकोस. बोल्टला कुणीतरी गंज चढू दिला आहे. तेवढा पुसून ठेवतो.


ब्रॅकनेल
२० मार्च १९९१

आदरणीय बाबा,

तुमचा ता.क. दोनदा वाचला. प्रीसना फोन करून सांगितलं, स्क्रॅप नको. ते म्हणाले, “तुमचे फादर-इन-लॉ कालही आले होते. मी बोललेलं त्यांना ऐकू येत नाही, पण त्यांनी माझा गॅसचा स्टोव्ह न सांगता दुरुस्त करून दिला.” त्यांच्या नजरेसमोर, त्यांच्याच बेंचवर तुम्ही काम केलंत तर कायद्यालाही अडचण नाही म्हणाले.

ती (बघा, बरोबर लिहिलं!) नक्की काय आहे ते मला सांगा. मला त्यातलं काही कळत नाही.

मीनल


बर्मिंगहॅम
७ एप्रिल १९९१

प्रिय मीनल,

जय भीम. विचारलंस म्हणून सांगतो. कंटाळा आला तर पुढचं वाचू नकोस.

प्रीसच्या बेंचवर जुनी चादर अंथरली आणि एकेक भाग सुटा मांडला. ही आमची थ्री-नॉट-थ्री. भारतात कुठल्याही पोलीस चौकीत तू हिला पाहिलं असशील. मधला लोखंडी सांगाडा, ज्याला आम्ही बॉडी म्हणतो, त्यावर बी.एस.ए. कारखान्याचा शिक्का आणि १९१७ साल आहे. म्हणजे ही इथलीच, स्मॉल हीथची. आपल्या घरापासून एका बसच्या अंतरावर जन्मली आणि कुठे कुठे जाऊन आली कोण जाणे.

नळी मात्र बंगालमधल्या इशापूर कारखान्याची. बोल्ट, म्हणजे मागची सरकती दांडी, तोही इशापूरचा, पण नळीच्या नंतरच्या काळातला. तोंडाशी जी लोखंडी टोपी असते ती एनफिल्डची, लंडनच्या बाजूची. नळीखालचं लांब लाकूड भारतीय. ते कसं ओळखलं? मॅगझिनच्या पुढे त्यात एक आडवा स्क्रू आहे. लाकूड फाटू नये म्हणून आपल्याकडे तो घालत. तरीही फाटलं आहेच, हातभर चीर आहे. आणि खांद्याला लावायचा दस्ता ऑस्ट्रेलियन. इकडचं अक्रोडाचं लाकूड गडद असतं, हे फिकट आणि लालसर आहे.

म्हणजे प्रीस म्हणतो ती खिचडी खरीच. पण खिचडी दोन प्रकारची असते. एक दुकानदाराची. तो भंगारातून हाताला येईल ते जोडतो आणि विकून मोकळा होतो. अशी रायफल उडवणाऱ्याच्याच तोंडावर फुटू शकते. दुसरी आर्मररची. त्याच्याकडे झिजलेली रायफल येते, तो मोजून-मापून, घासून एकेक भाग बदलतो आणि परत पाठवतो. ही कुठल्या प्रकारातली, ते अजून कळत नाही. सगळ्यावर काळा रंग चोपडला आहे, भट्टीच्या पत्र्याला देतात तसा जाड. तो काढल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

तुझा वेळ घेतला.

सुखदेव


बर्मिंगहॅम
१५ एप्रिल १९९१

मीनल पोरी,

जय भीम. मी गयाबाई, तुझी सासू. विहारातल्या बायकांच्या वर्गात लिहायला शिकले ते आज कामाला आलं. हे पत्र लिहिल्याचं ह्यांना सांगू नको.

तुला माहीत नाही, सांगते. आपला उदय बॅडमिंटन खेळता खेळता पडला, त्याला दवाखान्यातून आणलं, मातीला माणसं जमली, गेली. त्या दिवसापासून हा माणूस घरात बोललाच नाही. भाजी आणू का, आण. दिवा घालवू का, घालव. एवढंच. दुपारी मागच्या दारी खुर्ची टाकून बसायचं आणि कुंपणाकडे बघायचं. मी रडून घेतलं, विहारात गेले, बायकांत बसले. ह्यांना ते काही जमलं नाही.

आता महिनाभर बघते आहे. सकाळी दाढी करतात. डबा मागतात. मी म्हटलं, रिटायर माणसाला डबा कशाला? तर म्हणे, प्रीसकडे काम आहे. संध्याकाळी ताटावर बसले की बोलतात. काय बोलतात? स्क्रूबद्दल! मला एक अक्षर कळत नाही, पण मी हूं हूं करते.

मला बंदूक आवडत नाही. हंगरफर्डला एका माणसाने गोळ्या घालून माणसं मारली ते मी टीव्हीवर बघितलं आहे. पण तुला हात जोडून सांगते, ही बंदूक लवकर संपवू नको. आणि तुला ती पाहिजेच आहे असं म्हण. तुला नको असली तर हे लगेच सोडून देतील.

तुझी आई,
गयाबाई


ब्रॅकनेल
१२ जून १९९१

आदरणीय बाबा,

उशीर झाला, सॉरी. ऑफिसात नवीन सिस्टिम बसवतो आहोत.

एक ठरवलं आहे. मी क्लबची मेंबर झाले आणि सर्टिफिकेटसाठी अर्जही केला. रायफल मला हवी आहे. भिंतीवर लावायला नाही, चालवायला. तुम्ही दुरुस्त करून दिलीत तर मी तीच वापरीन.

पोलिसांकडून एक ऑफिसर घरी आले. चहा नको म्हणाले. लोखंडी कपाट भिंतीला कसं बोल्ट केलंय ते हलवून बघितलं. मग शांतपणे विचारलं, “मिसेस शेजवळ, तुमचे मिस्टर अलीकडेच वारले. अशा वेळी तुम्हाला रायफल का हवी आहे?” प्रश्न योग्यच होता. मी म्हटलं, “माझे सासरे ती दुरुस्त करत आहेत. त्यांनी केलेलं काम वापरात असावं असं मला वाटतं.” त्यांनी लिहून घेतलं. पुढच्या महिन्यात पुन्हा येतो म्हणाले.

रविवारी क्लबची रायफल चालवून बघितली. खांदा निळा झाला. टार्गेटला एकही लागली नाही, शेजारच्या माणसाच्या टार्गेटला दोन लागल्या. तो खूश झाला.

काळ्या रंगाखाली काय निघालं?

मीनल


बर्मिंगहॅम
१८ ऑगस्ट १९९१

प्रिय मीनल,

जय भीम. निघालं ते सांगतो. बसून वाच.

रंग काढायला वेळ लागला. पॉलिश पेपर लावला असता तर शिक्के पुसले गेले असते, म्हणून औषध लावून, मऊ झाल्यावर लाकडाच्या पट्टीने खरवडत गेलो. बोल्टची मूठ असते ना, तिच्या मागच्या सपाट भागावर एक नंबर दिसला. बॉडीच्या नंबराशी त्याचा काही संबंध नव्हता. मनात म्हटलं, झालं, भंगारवाल्याचीच खिचडी. मग उजेडात धरला. त्या नंबरावरून एक रेघ मारलेली होती, आणि खाली बारीक अक्षरात दुसरा नंबर ठोकलेला. तो बॉडीचाच नंबर, मीनल!

मग मी थांबतो कशाला? नळी बघितली, तिथे तोच नंबर. नळीखालचं लाकूड उलटं केलं, आत तोच. एनफिल्डच्या टोपीवर जुना नंबर खोडलेला आणि शेजारी तोच. म्हणजे भारतातल्या कुठल्या तरी वर्कशॉपमध्ये ही झिजलेली बर्मिंगहॅमची बॉडी कुणा आर्मररच्या पुढ्यात आली. त्याने चार ठिकाणचे भाग घेतले, एकमेकांना नीट बसवले, आणि बसले असं खात्रीनं वाटल्यावर सगळ्यांना एक नंबर दिला. वर्कशॉपचा शिक्का अर्धा गेला आहे, कुठलं ते वाचता येत नाही. माणसाचं नाव तर नसतंच.

पण हात दिसतो. खोडायची रेघ छिन्नीच्या एका ठोक्यात मारली आहे. पहिला ठोका चुकला म्हणून दुसरा मारलाय असं एकाही ठिकाणी नाही. नंबराचे आकडे एका ओळीत, एका खोलीचे. वर्कशॉपमध्ये उन्हाळ्यात पत्रा तापलेला असतो, रायफलींचा ढीग पडलेला असतो, आणि हा भाग काळ्या रंगाखाली जाणार हे त्यालाही ठाऊक होतं. तरी इतकं देखणं काम! मी प्रीसला भिंग देऊन दाखवलं. त्याने बराच वेळ पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढून बेंचवर ठेवली.

परका आहे तो फक्त ऑस्ट्रेलियन दस्ता. तो नंतर कुणीतरी कसातरी घुसवला आहे, हलतो. प्रीसच्या माळ्यावर अक्रोडाचा एक जुना सापडला आहे, तो बसवतो. चीर गेलेलं लाकूड मी टाकणार नाही. सरसाने जोडलं, आतून दोन खुंट्या मारल्या. आता नळी त्यात बसवायची. नळीला काजळ लावायचं, लाकडात दाबायची, उचलायची. जिथे काळा डाग पडला तिथे लाकूड जास्त आहे. तेवढंच खरवडायचं. पुन्हा काजळ, पुन्हा दाबणं. सगळीकडे सारखा डाग येईपर्यंत हेच.

काजळासाठी मी घरी दिव्यावर स्टीलची ताटली धरली. तुझी सासू म्हणते, ताटली फेकून दिली आहे आणि नवी मीच आणून द्यायची.

तुला रायफल हवी आहे म्हणालीस ते बरं केलंस. माझं मन नव्हतं. पण तू एकटी बाई धीर करून उभी राहतेस, तर माझ्याने नाही कसं म्हणवेल?

सुखदेव


ब्रॅकनेल
२४ नोव्हेंबर १९९१

आदरणीय बाबा,

सर्टिफिकेट आलं! ते ऑफिसर स्वतः घेऊन आले आणि ह्या वेळी चहाही घेतला. तुमच्या रायफलचा नंबर त्यावर चढवला आहे.

एक वेगळीच गोष्ट सांगायची आहे. पहिले तीन-चार महिने मला क्लबमध्ये मुळीच आवडत नव्हतं. थंडी, ओली चटई, तेलाचा वास. केवळ तुम्हाला म्हटलं म्हणून जात होते. मग सप्टेंबरमध्ये एका रविवारी काय झालं कोण जाणे. पडून निशाण धरलं, श्वास अर्धा सोडला, आणि डोक्यातलं सगळं थांबलं. बाबा, सगळं. उदय गेल्यापासून डोक्यात जी भुणभुण चालू होती ती त्या क्षणापुरती बंद झाली. गोळी कधी सुटली ते कळलंही नाही. कोच म्हणाला, “मीनल, आता जे केलंस तेच पुन्हा कर.” पुन्हा केलं. पाचही काळ्या गोलात.

आता मी रविवारची वाट बघते. कोच म्हणतो, बिस्लीला जूनमध्ये जुन्या लष्करी रायफलींची स्पर्धा असते, नाव दे. मी म्हटलं, माझी रायफल बर्मिंगहॅमला तयार होते आहे, ती आली की देईन.

तुमचं ऑगस्टचं पत्र मी क्लबमध्ये इंग्लिशमध्ये सांगितलं. खोडायच्या रेघेचं त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. एकाने विचारलं, “पण हे सगळं वाचता येणारा तो म्हातारा कोण?” मी म्हटलं, माझे सासरे. आणि सांगताना मान इतकी ताठ झाली म्हणून सांगू!

मीनल


बर्मिंगहॅम
१६ फेब्रुवारी १९९२

प्रिय मीनल,

जय भीम. रायफल तयार झाली. पण तुझ्या हातात द्यायच्या आधी एक परीक्षा आहे. बर्मिंगहॅमला प्रूफ हाऊस आहे. तिथे नेहमीपेक्षा जास्त जोराचं काडतूस घालून बंदूक बंद खोलीत उडवतात. टिकली तर शिक्का मारतात. कमजोर असली तर फुटते, पण निदान माणसाच्या हातात फुटत नाही.

प्रीस काल ती घेऊन आत गेला. मला आत जाता येणार नव्हतं. मी बाहेर फुटपाथवर उभा राहिलो. तुझी सासू थर्मास घेऊन बरोबर आली. “तुम्हाला काय ऐकू येणार आहे? मी सांगते,” म्हणाली.

आत दिवसभर बंदुका उडवतच असतात, त्यातली आपली कुठली ते कसं कळणार? पण तिने माझी बाही धरली होती. आत आवाज झाला की तिची मूठ घट्ट व्हायची. मी तिच्या मुठीकडे बघत होतो. एक, मग थोड्या वेळाने एक. माझ्या आयुष्यात इतक्या रायफली मी पास करून पाठवल्या, पण असा कधी घाबरलो नव्हतो.

प्रीस बाहेर आला, हाताने खूण केली, परवा कळेल. कळलं की लिहितो.

सुखदेव


बर्मिंगहॅम
१९ फेब्रुवारी १९९२

मीनल,

नापास झाली. फुटली नाही. पण मार खाल्ल्यावर बोल्ट आणि काडतूस यांच्यामध्ये नको तितकी फट पडली. त्या माणसाने केलेलं काम मी राखायला गेलो आणि मीच कमी पडलो. तू क्लबची रायफल वापर.

सुखदेव


ब्रॅकनेल
२२ मार्च १९९२

आदरणीय बाबा,

हे माझं तिसरं पत्र. पहिल्या दोनांचं उत्तर नाही. प्रीस म्हणतात, तुम्ही महिनाभर दुकानात आला नाहीत. आई फोनवर म्हणाल्या, “खुर्ची पुन्हा मागच्या दारी गेली.”

मी शनिवारी सकाळच्या ट्रेनने येते. तुम्हाला माझं ऐकू येणार नाही म्हणून जे बोलायचं ते इथेच लिहून टाकते. आले की मी फक्त तुमच्यासमोर बसेन.

बाबा, सुरुवातीला मला ही रायफल नको होती. आता हवी आहे. तुमच्यासाठी नाही, उदयसाठीही नाही. मला हवी आहे. अनोळखी माणसाने झाकून जाणार हे माहीत असून जीव लावून काम केलं, आणि तुम्ही तेहतीस वर्षांनी हत्यार हातात घेऊन ते काम ओळखलंत. माझ्या सबंध ऑफिसात असं काम करणारा एक माणूस नाही, मीसुद्धा नाही. अशी वस्तू माझ्या खांद्याला लागावी असं मला वाटतं.

नापास झाली म्हणता, म्हणजे काय नापास झालं? सगळी रायफल की एक भाग? मला कोडमध्ये एक ओळ चुकली तर मी सगळा प्रोग्राम फेकत नाही.

शनिवारी भेटू. आईंना सांगा, मासे करू नका, मी जास्त खाते.

मीनल


बर्मिंगहॅम
३ मे १९९२

प्रिय मीनल,

जय भीम. आजचं पत्र मोठं नाही, पण आनंदाचं आहे.

तू त्या शनिवारी माझ्याबरोबर प्रीसकडे आलीस, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलीस आणि मी सगळं पुन्हा सुटं करेपर्यंत हललीही नाहीस. तू गेल्यावर मी बोल्टकडे शांतपणे पाहिलं. दोष त्या माणसाचा नव्हताच. बोल्टच्या तोंडाशी एक छोटं फिरवून बसवायचं डोकं असतं. तो भाग वापरात झिजतो आणि बदलायचाच असतो. मी मात्र त्याच्या प्रेमात पडलो होतो. जुनं आहे ते तसंच राहू दे म्हणून मोजमापाकडे डोळेझाक केली. आर्मररने असं करू नये. त्या वर्कशॉपवाल्याने एका क्षणात बदललं असतं.

प्रीसकडे असल्या डोक्यांनी भरलेला बिस्किटांचा डबा आहे. एकेक लावून मापाचं गेज घालत गेलो. अनेक सैल, काही घट्ट. शेवटी एक असं बसलं की बोल्ट बोटाने लोटला तरी लोण्यासारखा बंद झाला. कुणी बनवलं, कधी बनवलं, काही कळत नाही. शिक्का झिजलेला आहे.

काल पुन्हा प्रूफला गेली. आज प्रीस दुकानाच्या दारात उभा होता. त्याने काही खूण केली नाही, नळी माझ्यापुढे धरली. तिच्यावर नवा कोरा शिक्का.

घेऊन जा. तेल मी लावून ठेवलं आहे. पहिली गोळी मी उडवावी असं तू म्हणालीस. नाही. आर्मरर रायफल नीट करतो आणि जिची आहे तिच्या हातात देतो.

सुखदेव


बर्मिंगहॅम
२१ जून १९९२

मीनल पोरी,

जय भीम. मी गयाबाई. ह्या वेळी चोरून लिहीत नाही. हे समोरच बसले आहेत आणि काय लिहितेस म्हणून विचारत आहेत. मी सांगत नाही.

तुझ्या बिस्लीच्या स्पर्धेहून येताना हे गाडीत खिडकीला डोकं टेकून बसले होते. मला वाटलं, दमले. घरी आल्यावर चहा घेतला आणि मग सुरू झाले. तुझी तिसरी की चौथी गोळी उडलीच नाही ना, नुसता घोडा पडला. मला काय कळतंय? पण ह्यांनी माझा हात असा दाबला की बांगडी वाकली. म्हणाले, आता बघ. चांगले चांगले शिपाई इथे गडबडतात, रायफल फिरवून बघतात, लगेच बोल्ट उघडतात, काडतूस उशिरा उडतं आणि अपघात होतो. तू तशीच पडून राहिलीस. निशाण हललं नाही. थांबलीस, थांबलीस, मग सावकाश बोल्ट उघडून ते फुसकं काडतूस बाजूला ठेवलंस आणि दुसरं घातलंस. आमच्याकडे बघितलंही नाहीस. हे म्हणाले, “गया, ही उदयची बायको म्हणून मी आजपर्यंत हिची काळजी करत होतो. हिला माझ्या काळजीची गरज नाही गं. ही पक्की आहे.” आणि मग रडले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. रडू दिलं मी. मग पिठलं केलं, दोन भाकरी खाल्ल्या.

तुझा नंबर मधलाच आला म्हणून तू तोंड पाडू नको. इथे रोज आल्यागेल्याला पहिलीच आल्यासारखं सांगणं चाललं आहे.

आता माझं ऐक. तू ह्यांच्यासाठी बंदूक मागितलीस. हे तुझ्यासाठी दुरुस्त करायला गेले. दोघांनाही वाटत होतं, आपण दुसऱ्याचं मन राखतो आहोत. मला सगळं माहीत होतं. कसं, ते सांगू? तू तिकडून लिहायचीस आणि हे इकडे तुझं पत्र वाचायचे. ह्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून मनात वाचतोय असं ह्यांना वाटतं. बाहेर सगळी गल्ली ऐकते. शेजारच्या पंजाबणीला मराठी कळत नाही, तरी ती परवा विचारत होती, मीनल जिंकली का?

प्रीसने ह्यांना आणखी दोन रायफली दाखवल्या आहेत. मी म्हटलं, जा. डबा देते.

जुलैमध्ये तुझी परत स्पर्धा आहे म्हणे. मी येणार. गादीवाली घडीची खुर्ची आण, तिथलं गवत ओलं असतं.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी तू पहिली गोळी मारलीस तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. दुसरीलाही मिटले. कान झाकायचं ते मशीन लावलं होतं तरी आवाज आरपार येत होता. तू कशी दिसतेस ते मी बघितलंच नाही, ह्यांच्या तोंडून ऐकलं. पुढच्या वेळी डोळे उघडे ठेवीन.

तुझी आई,
गयाबाई